वरची चिमूट

२ मार्च

आत्या,

पत्राची पहिली ओळ वाकून नमस्काराची नसली तर तू पुढचं वाचणारच नाहीस, हे मला ठाऊक आहे. तर वाकले. झालं? आता ऐक.

फोन नको, पत्रच लिही, हा तुझा हट्ट. का, तर तू फोनवर बोललीस की अख्ख्या घराला ऐकू जातं आणि तुझ्या सुनेला, म्हणजे वहिनीला, सगळं कळतं. हळू बोलणं हा उपाय तुला सुचला नाही, मला तिकिटांसाठी अर्धं गाव हिंडवलंस. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "कोणाला पत्र? वकिलाला का?" मी म्हटलं, त्याहून कडक आहे, आत्याला.

तर मी संशोधन सहाय्यक झाले. नाव भारदस्त आहे, काम माशांना जेवायला घालायचं. एक लांबलचक शेड, जमिनीवर नळ्यांचं जाळं, हवेच्या पंपाची अखंड घरघर, आणि माझ्या पायात एक नंबर मोठे रबरी बूट. बारा गोल टाक्या आहेत. एक ते सहामधल्या माशांना जुनं खाद्य, म्हणजे समुद्रातले बारके मासे दळून केलेलं. सात ते बारामधल्यांना नवं. ते आमच्या मॅडमनी बनवलंय: भाजीच्या सालींवर अळ्या वाढवायच्या, वाळवायच्या, दळायच्या. मॅडम म्हणतात, तळ्यातला मासा पोसायला समुद्र रिकामा करायचा हा कुठला शहाणपणा? नऊ वर्षं घातलीत त्यांनी या खाद्यात.

प्रत्येक टाकीला सकाळी आठला आणि दुपारी चारला पन्नास ग्रॅम. काट्यावर मोजून, कणभर कमी नाही की जास्त नाही, आणि लगेच वहीत नोंद. चार महिने असं चालायचं. तेवढ्याच वजनात नव्या खाद्यावर मासे तसेच वाढले, तर ते तळीवाल्यांना मिळणार आणि मला तीन वर्षांची पक्की नोकरी. नाहीतर जुलैमध्ये मी बूट काखेत मारून घरी. बाबा बँकेच्या परीक्षेची पुस्तकं काढूनच बसलेत, तुझ्या भावाला तू ओळखतेसच.

सात नंबरच्या टाकीत एक आडदांड मासा आहे. मी आत शिरले की सगळ्यांच्या आधी वर येऊन तोंड उघडून उभा. त्याचं नाव मी मुकादम ठेवलंय. मॅडमना सांगायचं नाही हं, प्रयोगातल्या माशाला नाव द्यायचं नसतं.

तुझी साखर कशी आहे?

भिंगरी

---

१० मार्च

भिंगरे,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे रागवायला मी मोकळी.

अळ्या! अगं कार्टे, एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलं मी. पिठात एक अळी दिसली तर पोतं परत पाठवायची. आणि माझी भाची त्याच अळ्या दळून वाढते आणि वर पगार घेते! शेजारच्या मास्तरीणबाईंना मी फक्त "माशांच्या आहाराचं काम" असं सांगितलंय. त्यांना वाटतंय तू माशांची डॉक्टर झालीस. वाटू दे.

माझ्या साखरेचं विचारू नकोस. तुझे मासे आणि मी, एकाच जेलमध्ये आहोत. सूनबाईंनी छोटा काटा आणलाय, तळहाताएवढा. माझी वाटी त्याच्यावर चढते, मग माझ्यासमोर उतरते. शेजारी वही. सकाळी इतकं, दुपारी इतकं. जिनं दीडशे पोरींना अंदाजानं जेवू घातलं आणि कधी एक उपाशी उठली नाही, तिच्या पुढ्यात मोजून चार चमचे! वाईट नाही गं ती. मायेनंच करते, हे मलाही दिसतं. पण मोजलेल्या मायेनं पोट भरत नाही.

स्वयंपाक अजून मीच करते, तेवढा सोडलाय माझ्याकडे. चव बघून मीठमसाला मीच ठरवते. सूनबाईंच्या हाताला चव आहे, पण धीर नाही, मिठाला घाबरते.

बूट एक नंबर मोठे असतील तर पुढे कापूस घाल. मुकादमाला माझा नमस्कार सांग. जेवणाच्या वेळी पहिला हजर राहणारा माणूस मला आवडतो.

आत्या

---

४ मे

आत्या,

दोन महिने पत्र नाही म्हणून रुसली असशील. रुसवा काढायला मजा सांगते.

आमच्याकडे चोरी होते. नव्या खाद्याचा डबा भरताना सहा टाक्यांचा तीस दिवसांचा हिशोब करून भरतात. मार्चचा डबा एकोणतिसाव्या दिवशी सकाळीच खडखडाट. एप्रिलचाही तसाच. जुन्या खाद्याचा मात्र बरोबर तीस दिवस पुरतो. कोठीवाले काका, म्हणजे आमच्या सामानाच्या खोलीचे मालक, माझ्याकडे बघून म्हणतात, "पोरी, चहाबरोबर खातेस काय?"

शेवटी सगळ्यांचं मत पडलं, उंदीर. जुन्या खाद्याला शिवत नाहीत, नवंच खातात. मॅडमना तर आनंदच झाला, म्हणाल्या, "बघा, उंदरांनासुद्धा आवडलं." काकांनी पिंजरा लावलाय. आठवडाभरात त्यात एक झुरळ आणि काकांचा अंगठा एवढंच सापडलं.

मासे मात्र झकास आहेत. परवा वजनं केली. नव्या खाद्याचे मासे जुन्यांपेक्षा चक्क पुढे! मॅडम आकडे तीनदा तपासून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं काही चुकलं. मग कळलं, डोळे पुसत होत्या.

मी बँकेची पुस्तकं बाबांना रद्दीत घालायला सांगू का? की आणखी थोडं थांबू?

साखरेचं तू काहीच लिहीत नाहीस. लिही.

भिंगरी

---

१३ मे

भिंगरे,

थांब. पुस्तकं रद्दीत घालायची घाई नको, तुझ्या बापाला तेवढाच विरंगुळा आहे.

उंदराचं मला पटत नाही. उंदीर कधी महिना मोजून खातो का? वसतिगृहात बिस्किटांचा डबा असाच कमी व्हायचा. आम्हीही उंदीरच म्हणायचो. शेवटी उंदीर निघाल्या आमच्या अधीक्षिकाबाई, त्याही चष्मा लावून. तेव्हा काकांचा अंगठा सोड आणि दोन पायांचा उंदीर शोध.

साखर खाली येत नाही. डॉक्टरांनी आधी अर्धी गोळी दिली, मग एक, आता दीड. वही बघतात, डोकं खाजवतात, म्हणतात, "आजी, एवढंच खाता तरी साखर कशी उतरत नाही?" मी म्हटलं, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा. या डॉक्टरांना काही कळत नाही असं माझं मत झालंय. सूनबाईंचा चेहरा मात्र उतरतो. तिला वाटतं तिचंच मोजण्यात चुकतंय. काल काटा शेजारणीकडे नेऊन तपासून आणला बिचारीनं.

आत्या

---

८ जून

आत्या,

आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. शेवटचं वजन तीस जूनला, पण आकडे आत्ताच स्पष्ट आहेत. नवं खाद्य सरस! मॅडमचा अहवाल एक तारखेला जाणार. तळीवाल्यांचे पुढारी काल येऊन टाक्या बघून गेले. एका म्हाताऱ्या तळीवाल्यानं बोट बुडवून पाणी चाखलं, मुकादमाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पन्नास ग्रॅमच घालता ना? आम्ही तेवढंच घालू बरं का. आमच्याकडे जास्तीचं काही नसतं." मी छाती पुढे काढून म्हटलं, "कणभर जास्त नाही!"

मॅडम माझ्या नोंदवहीला आदर्श वही म्हणतात. इतरांना दाखवतात. मी आता तुझ्याशी जरा तोऱ्यात बोलणार आहे, सवय करून घे.

भिंगरी

---

१४ जून

भिंगरे,

तोरा उतरवून ठेव आणि ऐक.

तुझं पत्र मी मास्तरीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठ्यानं म्हणजे आपल्या परीनं, त्यामुळे गल्लीनंच ऐकलं. आनंद झाला गं. ऊर भरून आला असं लिहिते म्हणजे तुला हसायला बरं.

पण एक विचारू? पन्नास ग्रॅम, कणभर जास्त नाही, हे तू लिहिलंस तेव्हा मला जरा टोचलं. तू सात वर्षांची असल्यापासून प्रत्येक सुट्टीत माझ्या स्वयंपाकघरात असायचीस. स्टुलावर उभी राहून मीठ घालायचीस, तीन बोटांची चिमूट. मी हातावर फटका मारून मारून ती चिमूट बसवली. आणि वाढायला गेलो की आपली रीत काय? पानात वाढायचं ते वाढायचं, समोरची "पुरे" म्हणाली की वरून आणखी थोडं. ती वरची चिमूट. मोजून वाढते ती नोकरीवाली, वरून घालते ती घरची, असं मी पोरींना सांगायची. तू तर बाहुल्यांनाही वरून वाढायचीस.

मग या मुक्या जिवांना नुसतं काट्याचंच घालतेस होय? मुकादम तोंड उघडून उभा राहतो आणि तू पाठ फिरवतेस? घराण्याचं नाव घालवलंस की गं!

आत्या

---

१८ जून

आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा शेडमध्येच होते. वाचून खूप हसले. घडी करून खिशात घातलं आणि चारची वेळ झाली म्हणून गाडा घेऊन निघाले. गाड्यावर काटा, कप आणि नव्या खाद्याचा उघडा डबा. सात नंबर. कप भरला, काट्यावर पन्नास, ओतलं. मुकादम खाऊन परत वर आला. आणि आत्या, माझा हात डब्यात गेला. तीन बोटं. पाण्यावर चिमूट पडली आणि मी पुढच्या टाकीकडे वळलेसुद्धा.

आठ नंबरपाशी पोचले आणि स्वतःच्या तीन बोटांकडे बघत उभी राहिले.

मी हे रोज करते. साडेतीन महिने, दोन वेळा, सहा टाक्यांना. जुन्या खाद्याचे मासे खाऊन खाली जातात, म्हणून त्यांना नाही. नवीन खाद्याचे वर येऊन थांबतात, म्हणून त्यांना. मला माहीतच नव्हतं. म्हणजे हाताला माहीत होतं, मला नाही. वहीत प्रत्येक दिवशी पन्नास. आदर्श वही! उंदीर मीच, आत्या. काका बिचारे अजून पिंजरा साफ करतात.

मासे सरस झाले ते खाद्यानं की चिमटीनं, आता कोण सांगणार? मॅडम एक तारखेला अहवाल पाठवतील. त्यांना सांगितलं तर नऊ वर्षांवर पाणी, माझी नोकरी गेली, आणि ते खिडकीपाशी उभं राहणं मला परत बघवणार नाही. मी ठरवलंय, उद्यापासून चिमूट बंद. बाकी कोणाला काही बोलायचं नाही. तूही बोलू नकोस. पत्र वाचून फाडून टाक. मास्तरीणबाईंना वाचून दाखवू नकोस, तुझ्या पाया पडते.

भिंगरी

---

२३ जून

भिंगरे,

फाडलं. गल्लीला कळलेलं नाही.

रडू नकोस. चूक असेल तर ती माझी, हात माझा आहे तो. तू ठरवलंस ते बरोबर. गुपचूप बंद कर आणि गप्प बस. मासे जाड झाले, मेले तर नाहीत ना? चिमूटभरानं काय होतं! चिमूट म्हणजे काही जेवण नव्हे. मी रोज दहा वेळा चव बघते, ते काय कोणी वहीत लिहितं?

जेवलीस का? आधी जेव. मग विचार कर.

आत्या

---

२८ जून

आत्या,

मी मॅडमना सांगितलं.

तुझं ऐकून गप्प बसणार होते. आठ दिवस चिमूट बंद ठेवली, आणि आठ दिवस मुकादम वर येऊन तोंड उघडून उभा. ते एक वेळ सोसलं असतं. पण तो म्हातारा तळीवाला डोक्यातून जाईना. "आमच्याकडे जास्तीचं काही नसतं." तो माझ्या वहीवर विश्वास ठेवून पन्नासच घालणार, त्याचे मासे रोड होणार, आणि तो खाद्याला नाही, स्वतःच्या नशिबाला शिव्या देणार. मॅडम डोकं खाजवणार, मी बाजूला उभी राहून उंदरांची चौकशी करणार.

काल सकाळी त्यांच्या खोलीत गेले. वही टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. तुझ्या स्वयंपाकघरापासून. त्यांनी वही चाळली. मग उठून खिडकीपाशी गेल्या. आत्या, ती पाठ मी विसरणार नाही.

मग वळल्या आणि म्हणाल्या, "डबा घेऊन ये." काटा माझ्या मागे ठेवला, आकडा मला दिसू नये म्हणून. कप पुढे धरून म्हणाल्या, "घाल चिमूट." घातली. "परत." परत घातली. चाळीस वेळा! कोठीवाले काका आकडे लिहीत होते. शेवटी मॅडमनी कागद माझ्यासमोर सरकवला. प्रत्येक चिमूट तीन ग्रॅम. कधी दोन पूर्णांक नऊ, कधी तीन पूर्णांक एक, बस्स. मग त्यांनी डब्याचा हिशोब काढला, महिन्याला जेवढं खाद्य "उंदरांनी" नेलं तो. दिवसाला सहा टाक्या, दोन वेळा, तीन तीन ग्रॅम. तंतोतंत जुळला.

काका म्हणाले, "आमच्या काट्यापेक्षा पोरीचा हात बरा." मॅडम हसल्या नाहीत, पण विचारलं, "हे शिकवलं कोणी?" मी तुझं नाव सांगितलं. म्हणजे पोलिसात देतात तसं.

अहवाल थांबलाय. नवं खाद्य सरस नाही, आत्या. त्रेपन्न ग्रॅम घातलं तर जुन्याच्या बरोबरीचं किंवा जरासं पुढे. पन्नासात काय होतं ते अजून कोणालाच माहीत नाही, म्हणून आणखी एक महिना: तीन टाक्यांना पन्नास, तीन टाक्यांना त्रेपन्न. तो महिना माझा, बिनसुट्टीचा. माझ्या फायलीत ताकीद लागली. नोकरीचं पुढे काय ते महिना संपल्यावर. बाबांची पुस्तकं राहू देत.

मॅडम एक वाक्य बोलल्या, ते लिहिते आणि थांबते. "तू जास्त घातलंस याचं मला एवढं नाही. वहीत नाही घातलंस, म्हणून मी चार महिने खोट्या माशांवर खरा विचार करत बसले."

आता तू एक सांग. रोज दहा वेळा चव बघतेस म्हणालीस. चमच्यानं की डावानं?

भिंगरी

---

८ जुलै

भिंगरी,

अक्षर बघून दचकू नकोस, मी वहिनी. आई आता बऱ्या आहेत, हे आधी वाच आणि मगच पुढे जा.

पाच तारखेला दुपारी आई स्वयंपाकघरातच घेरी येऊन पडल्या. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. साखर वाढली असं समजून आम्ही घाबरलो, तर दवाखान्यात कळलं की उलटंच. साखर अगदी तळाला गेली होती. डॉक्टर मला विचारत राहिले, जेवण कमी केलंत का? मी वही दाखवली. सगळं नेहमीसारखं. मी तिथे बाकावर बसून अक्षरशः रडले, कारण मोजायचं काम माझं. तुझा दादा म्हणाला, काटा बदलू.

दुसऱ्या दिवशी आईंनी मला जवळ बोलावलं. उशीखालून तुझं पत्र काढलं आणि म्हणाल्या, वाच, मोठ्यानं नको. मग सगळं सांगितलं. चव बघायची म्हणजे डावभर. प्रत्येक भांड्यातून. कधी दोनदा. वहीत जे जात होतं ते फक्त वाटीतलं. डॉक्टर गोळी वाढवत होते ती त्या डावांना पुरेल इतकी. आणि तुझं पत्र वाचून आईंनी चव बघणं एकदम बंद केलं, कोणाला न सांगता. डाव गेले, दीड गोळी राहिली.

मी चिडले, खोटं कशाला सांगू. तीन महिने मला वाटत होतं मीच कुठेतरी चुकतेय. तसं मी बोलूनही दाखवलं. आई गप्प बसल्या. त्यांना गप्प बसलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं आणि मग मलाच राहवेना.

गोळी परत अर्धी झालीय. तुला पत्र त्या स्वतः लिहितील, मी सांगितलंय म्हणून रागावू नकोस.

वहिनी

---

१५ जुलै

भिंगरे,

डावानं.

हे एका शब्दाचं उत्तर द्यायला मला दोन आठवडे लागले आणि मध्ये दवाखाना करावा लागला. आता हसायचं तेवढं हसून घे.

सूनबाईंनी तुला सगळं लिहिलं, मला दाखवूनच पाठवलं. "मी चिडले" तिथे मी म्हटलं, खोड ते. ती म्हणाली, नाही खोडणार. बरं केलंन. माझ्या पोटात ते डाव गेले त्याचं मला काही नाही गं. पण ती पोर काटा घेऊन शेजारणीकडे तपासायला गेली होती, आणि मी खिडकीतून बघत होते. मला तेव्हाच ठाऊक होतं काटा बरोबर आहे. तरी बोलले नाही. याची लाज वाटते मला. दुसऱ्या कशाचीच नाही.

तुला मी "गप्प बस" लिहिलं तेव्हा ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठीच होतं. तू माझं ऐकलं नाहीस. पहिल्यांदाच बरं वाटलं तू न ऐकल्याचं.

आता नवी व्यवस्था ऐक. चव सूनबाई बघते. मिठाला अजून घाबरते, पण शिकेल, तिच्याही हातावर मी फटके मारते. आणि वाढण्याचं. परवा रात्रीचं जेवण. तिनं माझी वाटी काट्यावर ठेवली, वजन केलं, वहीत लिहिलं. मग चमच्यानं थोडं काढून बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता हीसुद्धा कमी करायला लागली! आहे तेवढं खाल्लं आणि "पुरे" म्हटलं. तर ती उठली, ते बाजूचं माझ्या वाटीत वरून वाढलं, आणि म्हणाली, "आई, घ्या हो, थोडंसं."

वजन तेवढंच गं. कणभर जास्त नाही. पण चार महिन्यांत पहिल्यांदा माझं पोट भरलं. डोळ्यांचंही काय झालं ते मी तिला कांद्यावर ढकललं. कांदा त्या दिवशी घरात नव्हता.

मुकादम कोणत्या टाक्यांत गेला, पन्नासच्या की त्रेपन्नच्या? ते कळव.

आत्या

---

४ ऑगस्ट

आत्या,

महिना काल संपला. पन्नासचे मासे जरा मागे राहिले, त्रेपन्नचे जुन्याच्या बरोबरीला आले. अहवालात आता तेच आहे: त्रेपन्न. मॅडम म्हणाल्या, सरस नसलं तरी खरं आहे, तळीवाल्यांना खरंच लागतं. तो म्हातारा आला होता. त्याला मी सगळी गोष्ट सांगितली, तोंड लपवत. तो म्हणाला, "तीन ग्रॅम होय? तेवढं जमवू आम्ही. आधी सांगितलंत ते बरं झालं."

मला तीन वर्षं मिळाली. ताकीद फायलीत तशीच आहे, दोन्ही एकाच फायलीत. बाबांनी पुस्तकं स्वतः रद्दीत घातली आणि तोंड दोन दिवस पाडून बसलेत. तू समजूत काढ. हळू आवाजात.

मुकादम पन्नासच्या टाकीत होता. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी मॅडमकडे जाऊन विचारलं, त्याला वहिनीसारखं वाढू का? त्यांनी वहिनीची युक्ती दोनदा सांगायला लावली, मग पेन्सिल कानामागे खोचली. म्हणाल्या, "सहाही टाक्यांना तसंच. आणि लिहायचं."

तेव्हापासून मुकादमाच्या टाकीसाठी मी पन्नास मोजते, त्यातून तीन बाजूला काढते, सत्तेचाळीस ओतते. मासे खातात. मुकादम परत वर येतो. मग ते तीन.

वहीत आता एक नवा रकाना आहे. मॅडमनी स्वतः पट्टी घेऊन आखला आणि वर नाव लिहिलं: वरची चिमूट.

भिंगरी